पडद्यावरच्या मयताला दोन मिनिटं

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बारामतीतल्या एका थिएटरात, आणि त्या दिवशी कुणी मला सांगितलं असतं की याच माणसाच्या घरात तू पुढे राहायला जाणार आहेस, तर मी बदली रद्द करून घेतली असती.

पिक्चर मारधाडीचा होता. ज्या कॉलेजात मी शिकवायला आले होते तिथल्या नव्या मैत्रिणींनी ओढून नेलं म्हणून गेले. एरवी मला रक्त बघवत नाही, इंजेक्शन घेतानाही मी भिंतीकडे तोंड करते. मध्यंतराच्या आधी नायक एका गोदामात शिरला आणि दिसेल त्याला कोयत्यानं कापत सुटला. मी ओढणी डोळ्यांवर घेतली. थिएटरात शिट्ट्या, टाळ्या, नुसता धुरळा. मग अचानक शिव्या ऐकू यायला लागल्या. "ओ आबा, खाली बसा की!" "कडेला व्हा, दिसंना!" ओढणी बाजूला करून पाहिलं तर आमच्या पुढच्या रांगेत एक उंच, काटक म्हातारा उभा. पांढरा सदरा, हात बाजूला सोडलेले, मान जराशी खाली. शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तसा.

बॅटरी घेऊन थिएटरचा माणूस आला. "काय झालं, आबा? बरं वाटत न्हाय का?"

"मला काय झालं न्हाय. बरीच माणसं गेली न्हवं आत्ता? दोन मिनिटं उभा ऱ्हातो. झाली की बसतो."

"अहो, पिक्चर हाय त्यो!"

"व्हय, पण कुणीतरी उभं ऱ्हायला पायजे का न्हाय?"

लोक हसले. मलाही हसू यायला हवं होतं. पण त्यांच्या त्या बोलण्यानंतर मी पहिल्यांदाच पडद्याकडे नीट पाहिलं, आणि तिथं खरोखरच माणसं पडलेली होती. एकाच्या पायात चप्पल नव्हती. मला एकदम दचकायला झालं.

खोली शोधताना कुणीतरी म्हणालं, सरांचा वरचा मजला रिकामा आहे, निवृत्त शिक्षक आहेत, नवरा-बायको दोघंच, घर शांत आहे. दार उघडलं ते त्याच काटक म्हाताऱ्यानं. मागे भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताज्या फुलांचा वाडगा. काकूंनी पाणी आणलं. मी पळून जायचा विचार करत असतानाच सर म्हणाले, "भाड्याचं नंतर बोलू. आधी सांगा, पिक्चर बगता का?" सामान आणायचा माझा दिवस त्यांनीच ठरवून टाकला.

सर निरवांगीला शाळेवर इतिहास शिकवत. त्यांचे जुने विद्यार्थी सांगायचे, लढाईचा धडा निघाला की पोरांच्या पोटात गोळा यायचा, कारण प्रत्येक लढाईनंतर सर वर्ग उभा करायचे. जिंकलेल्यांसाठी नाही, मेलेल्यांसाठी, आणि दोन्हीकडच्या. शेवटी मुख्याध्यापकांनी लेखी विचारलं म्हणे, की इतिहासाचा तास उभ्यानं का होतो. सरांनी लेखी उत्तर दिलं की इतिहासात माणसं फार मरतात, त्याला आपला इलाज नाही.

याच गुणामुळे बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांत त्यांना मागणी होती. हिंदूंच्या घरचं सावडणं असो की आपल्या बौद्ध मंडळींचा जलदान विधी, श्रद्धांजलीचं भाषण सरांनी करावं असा लोकांचा हट्ट असायचा. बाकीचे वक्ते 'कधी न भरून येणारी पोकळी' म्हणायचे. सरांना त्या पोकळीचा भयंकर राग. "पोकळी म्हणणारा माणूस घरी जाऊन पोटभर जेवून झोपतो," म्हणायचे. ते उभे राहून एवढंच सांगायचे की गेलेल्या माणसाला चहात बटर बुडवून खायला आवडायचं, आणि बटर मोडून कपात पडलं की तो लहान मुलासारखा रुसायचा. एवढ्यावर बायका हमसून रडायच्या. पिंपळीला एका मयतीत तर ज्या भावाभावांचं बोलणं बंद होतं त्यांना भाषण ऐकून एकमेकांच्या गळ्यात पडून रडताना मी स्वतः पाहिलं आहे.

असा माणूस मारधाडीचे पिक्चर बघतो कशाला, हे मला कळत नव्हतं. आणि बघायचे म्हणजे किती! दुपारी जेवण झालं की सर शेंगांची टोपली घेऊन टीव्हीसमोर बसायचे आणि सापडेल त्यातला सगळ्यात रक्ताळ पिक्चर लावायचे. प्रेमाची गाणी लागली की शेंगा फोडत बसायचे, वर पाहायचेही नाहीत. खुनाचा प्रसंग आला की हात थांबायचा. रिमोट उचलून ते आवाज पूर्ण बंद करायचे आणि पुढे वाकून, डोळ्याची पापणी न लववता बघत राहायचे. एस.टी. स्टँडवर गर्दीतून उतरणाऱ्या माणसांत आपलं माणूस शोधावं तसं. प्रसंग संपला की उठून दोन मिनिटं उभे, मग आवाज चालू, मग शेंगा. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला त्यांची भीतीच वाटली. दाराला आतून कडी लावून झोपले त्या रात्री.

काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ह्यांना काय बगायचं असतं कुणास ठावं, बाई. लगीन झाल्यापास्नं असंच. आदी जत्रंत तंबूतला शिनेमा याचा, तर सायकलीवर जायाचं. मला न्ह्यायचं न्हाईत. मी बी म्हणायची, नगंच."

मला मात्र न्यायचे. आणि थिएटरात माझी ओढणी वर गेली की शेजारून हलकेच आवाज यायचा, "मॅडम, ओढणी खाली. माणूस मरताना बगणारं कुणीतरी पायजे."

"सर, तो नट आहे. संध्याकाळी घरी जाऊन जेवला असेल."

"जेवू द्या की. पण आत्ता मरतोय न्हवं?"

एकदा मी खरंच चिडले. म्हटलं, असलं दाखवून मिळतं काय? पोरं बिघडतात, दुसरं काय. सरांनी थोडा वेळ विचार केला. ते कुणाचंही बोलणं उडवून लावत नसत. मग म्हणाले, "बिगडायची ती वाजंत्रीनं बिगडत्यात, मॅडम. रगात बगून कुणी नाचत न्हाय. ढोल वाजतो म्हणून नाचत्यात." मला वाटलं, म्हातारा शब्दात पकडतोय. तेव्हा वाद सोडून दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर जे घडलं ते मला अजून आठवतं. आम्ही चहाला थांबलो होतो. बाकावर पाच-सहा तरुण एका मोबाईलवर डोकी घालून बसले होते. शिकलेली, स्वच्छ कपड्यांतली पोरं, एक तर आमच्याच कॉलेजचा. मोबाईलमधून कुणीतरी विव्हळत होतं आणि त्यावर मोठ्यानं गाणं चढवलेलं होतं. "एक नंबर!" एक जण म्हणाला. "लय भारी शूट केलंय."

सरांनी चहा खाली ठेवला. "कुठला पिक्चर रं?"

पोरानं स्क्रीन वळवली. एका माणसाला झाडाला बांधून चार जण मारत होते. मी लगेच तोंड फिरवलं. सरांनी फिरवलं नाही. शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ह्ये खरं हाय का पिक्चर?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हणाला पिक्चर असंल. दुसरा म्हणाला, नाय ओ, खरं हाय, कुठंतरी तिकडचं. तिसरा म्हणाला, काय करायचंय, ग्रुपवर आलंय. त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही याचं एकालाही काही वाटत नव्हतं. माणूस मेला की नाही हे माहीत नसताना ही पोरं बिस्किटं खात होती.

सर भर बाजारात, टपरीसमोर, उभे राहिले. दोन मिनिटं. रिक्षावाले बघायला लागले. आमच्या कॉलेजचा पोरगा मला पाहून ओशाळला आणि खिशात मोबाईल घालून निघून गेला. घरी येताना सर एकच वाक्य बोलले. "त्याच्या तोंडाकडं कुणीच बगितलं न्हाय. गाणंच ऐकत हुते."

आता आमच्या चित्रपट मंडळाविषयी सांगायला हवं. गावातले एक दाताचे डॉक्टर त्याचे अध्यक्ष. सज्जन माणूस, हौशी, जगभरचे पिक्चर आणून दाखवायचा. पण आमचा भाग साखर कारखान्यांचा. इथं चार माणसं कुठंही जमली की अध्यक्ष, सचिव, वार्षिक सभा आणि ठराव आलेच. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि ती नावं सभेच्या आधीच घालून ठेवायची पद्धत आहे, म्हणजे चहा गार होत नाही. नाव घातलेल्या माणसाला विचारायचं असतं हे कुणाच्या मनातही येत नाही. अध्यक्ष वाचतात, सभा 'मंजूर, मंजूर' म्हणते आणि सगळे चहाकडे वळतात. आमच्या मंडळाचा कारभारही तसाच होता. सर मंडळाचे जुने सभासद. प्रत्येक पिक्चरला शेवटच्या रांगेत बसायचे, म्हणजे उभं राहिलं तरी कुणाची अडचण नको. मंडळातल्या सगळ्यांचा पक्का समज होता की हा माणूस म्हणजे हिंसेचा कट्टर विरोधक, आणि त्याचं उभं राहणं म्हणजे निषेध. माझाही तोच समज झाला होता, घरात राहून.

सुवर्णा नावाची सरांची निरवांगीची एक विद्यार्थिनी पुण्याला सिनेमा शिकून आली होती. तिनं पहिला पिक्चर केला आणि बाहेर दाखवायच्या आधी रविवारी सकाळी मंडळात आणला. धम्म घेतल्यावर एका घरानं गावातली मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं. त्या घरातल्या थोरल्या, शिकलेल्या मुलाला गावातल्या काही जणांनी उसाच्या कडेला गाठून मारलं. एवढीच गोष्ट. तिनं ती आपल्या आजीकडून ऐकली होती. गाव कुठलं, माणूस कोण, हे आजीला ठाऊक नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं.

खुनाचा प्रसंग तिनं झाकून दाखवला होता. माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन त्याला घेरतात, आणि कॅमेरा वळून उसाकडे जातो. उसाची पानं हलत राहतात, मागं बासरी आणि त्याच्या किंकाळ्या. पिक्चर संपल्यावर ती म्हणाली, "हाच प्रसंग मी उघडा पण शूट केलाय. सगळं दिसतं त्यात. तो ठेवायचा की हा, माझं ठरत नाहीये. तुम्ही सांगा."

सगळ्यांनी एकच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, न दाखवता जास्त परिणाम होतो, हीच कला. एक बाई म्हणाल्या, मुलांना घेऊन येणार कसं माणूस? मीही उठून बोलले, की उसाची पानं फार सुंदर आली आहेत. डॉक्टरांनी खिशातून कागद काढला. "उघड हिंसा दाखवण्याचं कोणतंही प्रयोजन नाही, असं मंडळाचं मत आहे. दिग्दर्शिकेनं प्रसंग झाकलेलाच ठेवावा. सूचक मी स्वतः. अनुमोदक, आपले सर."

"मंजूर, मंजूर."

शेवटच्या रांगेत सर उभे राहिले. आम्हाला वाटलं, नेहमीचं. पिक्चरमधल्या मयतासाठी. डॉक्टरांनी हसून हातानं सगळ्यांना थांबवलं, थांबा, सरांची दोन मिनिटं होऊ द्या. आम्ही गप्प बसलो. दोन मिनिटं झाली, त्याहून जास्त झाली, सर बसेनात. कपबशांचा आवाज करत चहावाला आत आला आणि तसाच दारात थांबला.

"माझं अनुमोदन न्हाय," सर म्हणाले.

डॉक्टरांना ऐकू आलं नसावं. "काय म्हणालात, सर?"

"माझं अनुमोदन न्हाय, डॉक्टर. सुवर्णा, ऊस तू लई ब्येस दाखवलास. अगदी असाच हालत हुता. मी त्या उसात बसलो हुतो."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. श्रद्धांजलीच्या भाषणातला, शांत.

"त्यो माझा दादा. आमी दोघं वैरणीला चाललो हुतो. माणसं येताना बगितल्याबरुबर त्यानं मला उसात ढकललं. 'बस हितंच' म्हणाला. मी बसलो आन डोळं गच्च मिटून घेतलं. मला सगळं ऐकू आलं. काठीचा आवाज कसा येतो, कुऱ्हाडीचा कसा येतो, समदं ठावं हाय मला. पर मी बगितलं न्हाय. बाकी ज्यांनी बगितलं हुतं, ते कोर्टात म्हणाले, आमी नव्हतोच तितं. मला उभं केलं. साहेबांनी इचारलं, 'बाळ, काय पाहिलंस?' बानं सांगितलं हुतं, खरं तेच बोल. मी म्हणालो, ऊस बगितला. समदे सुटले."

ज्या माणसाच्या डोक्यावर मी इतकी वर्षं राहत होते, ज्याला मनातल्या मनात विक्षिप्त म्हणून सोडून दिलं होतं, तो रोज दुपारी शेंगांची टोपली घेऊन टीव्हीसमोर काय शोधत होता ते मला त्या क्षणी कळलं. काकूंनाही हे ठाऊक नव्हतं, असं पुढे कळलं. सासरच्या कुणाच्याच तोंडून त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. सरांच्या कुटुंबानं ते गाव सोडलं, शेळगावला मामांच्या आसऱ्याला आलं आणि त्यावर बोलणंच बंद केलं होतं.

"बासष्ट-त्रेसष्ट वर्सं झाली असतील," सर म्हणाले. "मी नुसता ऊसच बगतोय. मला त्यो उघडा दाखीव."

"सर, नको," सुवर्णा म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "ते फार वाईट आहे. मी मुद्दाम तसं केलंय."

"वाईटच हुतं की, पोरी."

तिनं लावला. मी पडद्याकडे पाहिलं नाही, माझ्यानं पाहवलं नाही. मी सरांकडे पाहत होते. ते खुर्चीच्या कडेला येऊन, पुढे वाकून बघत होते. ढोल वाजायला लागला, किंकाळ्या सुरू झाल्या, पडद्यावरचा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता. खोलीतल्या बहुतेकांनी माना खाली घातल्या. एक बाई उठून बाहेर गेल्या. प्रसंग फार मोठा नव्हता, पण मला तो संपेना.

संपल्यावर सर उभे राहिले नाहीत. सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "वाजंत्री काड त्यातली. आन वरडणं काड. त्यो वरडला न्हाय."

"सर, इतकं मारल्यावर माणूस ओरडेलच ना?"

"मी उसात हाय, ह्ये त्याला ठावं हुतं," सर म्हणाले. "वरडला असता तर मी भाएर आलो असतो."

डॉक्टरांनी ठरावाचा कागद खिशात ठेवून दिला. मग त्यांनी विचारलं, आणि मला अजून वाटतं की त्या दिवशी आम्हा बाकीच्यांकडून तेवढं एक प्रामाणिक वाक्य सभेत बोललं गेलं, "सर, तुमचं समजलं. पण हे बघून बाकीच्या लोकांना काय मिळणार? ज्यांचा कुणी गेलेला नाही, त्यांना?"

"त्ये मला न्हाय सांगता येणार, डॉक्टर. माझ्यापुरतं सांगतो. आज कुणी मला इचारलं, 'काय पाहिलंस,' तर सांगता येईल."

घरी आल्यावर सरांनी स्वतःच काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं. मग म्हणाल्या, "अहो, पण ते नाटक हाय. त्यो पोरगा कुणीतरी नट असंल. तुमचा दादा न्हाय."

"ठावं हाय मला."

"मग?"

"मग काय न्हाय. दादाला बगणारं त्या दिवशी कुणीच नव्हतं. म्हणून."

काकू उठल्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. दुपारी टीव्ही लागला नाही. शेंगांची टोपली कोपऱ्यात तशीच पडून राहिली.

सुवर्णानं प्रसंग उघडा ठेवला आणि सरांनी सांगितलेलं दोन्ही काढून टाकलं. इंदापूरला एका मोठ्या हॉलमध्ये पिक्चर दाखवायचं ठरलं, दुपारी, सगळ्यांना खुलं. डॉक्टरांच्या गाडीतून आम्ही निघालो. मागे सर, काकू आणि मी. बारामती सुटली, दोन्हीकडे ऊस सुरू झाला, आणि सर खिडकीतून त्याच्याकडे बघत बसले. शेळगाव मागं पडल्यावर त्यांनी मला विचारलं, "मॅडम, शिट्टी वाजली तर?"

त्यांनी मला कधी कशाचा सल्ला विचारलेला नव्हता. विचारायची मी, सांगायचे ते.

"तिकडं मोप पोरं येणार. टपरीवरल्यासारखी. दादावर कुऱ्हाड पडली आन कुणी शिट्टी मारली तर? सुवर्णाला मीच सांगितलं, उघडा ठेव म्हणून." त्यांनी मागं वळून बारामतीच्या दिशेला पाहिलं. "परत जायचं का?"

"आता कुठं परत," काकू म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून ठेवला.

हॉल गच्च भरला होता. पुढं बायका, मागं कॉलेजची पोरं, आणि ती आल्यापासूनच शिट्ट्या मारत होती. दिवे गेले तेव्हा मारल्या, नावं आली तेव्हा मारल्या, नायक सायकलवर आला तेव्हा मारल्या. प्रत्येक शिट्टीला सर दचकत होते. मी त्यांच्या शेजारी होते. माझ्या ओढणीचं टोक माझ्या मुठीत होतं.

उसाची कड आली. माणसं आली. थोरल्यानं धाकट्याला उसात ढकललं. ते तिनं नव्यानं घेतलं होतं. मागून एका पोरानं शिट्टी मारली. पहिली काठी पडली. ढोल नाही, बासरी नाही, किंकाळी नाही. फक्त काठीचा आवाज आणि उसाच्या पानांचा. त्या पोरानं पुन्हा शिट्टी सुरू केली आणि ती अर्ध्यातच राहिली. तिला साथ धरायला काहीच वाजत नव्हतं. सबंध हॉलमध्ये काठीचा तो एकच आवाज येत राहिला, आणि पडद्यावरचा तो मुलगा ओठ आवळून, उसाकडे न बघता, खाली कोसळत गेला. मी ओढणी सोडली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसाला मरताना शेवटपर्यंत पाहिलं. असलं दाखवावं की नाही, याचं उत्तर मला त्या हॉलमध्ये मिळालं नाही. आजही कुणी रक्ताचा पिक्चर लावला की मी उठून जाते. पण त्या एका मुलाचं तोंड मी विसरणार नाही, एवढं खरं.

प्रसंग संपला तेव्हा मी वाट बघत होते, की आता सर उभे राहतील. ते उभे राहिले नाहीत. पलीकडच्या खुर्चीवरून डॉक्टर उठले. हात बाजूला, मान खाली. मग मी उठले. मग आमच्या मागची रांग. आमच्याकडे श्रद्धांजलीला एखादा उभा राहिला की बाकीच्यांना बसवत नाही. वार्षिक सभांनी ती सवय अंगात मुरवलेली आहे. पिक्चरसाठी कुणी उठत नसे, म्हणून इतकी वर्षं सर एकटे उभे असायचे. त्या दिवशी खुर्च्यांचा खडखडाट मागं मागं सरकत गेला, थेट शिट्ट्या मारणाऱ्या पोरांपर्यंत, आणि मग तोही थांबला. पुढचा प्रसंग पडद्यावर सुरू झाला होता, तो कुणी बघत नव्हतं.

सबंध हॉल उभा होता. बसलेले फक्त सर. मी खाली वाकून पाहिलं. काकूंचा हात त्यांनी गच्च धरला होता, आणि त्यांचे डोळे सताड उघडे होते.